मुलाच्या हाती गाडी : विम्याचा हप्ता कसा आवरावा?



ऊस विकास विभागाच्या या पानावर आपण नेहमी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांविषयी वाचता. या वेळचा विषय थोडा निराळा आहे, पण आपल्या घरातलाच आहे. बारावीचा निकाल लागला की घरोघर एकच मागणी सुरू होते, "अण्णा, गाडीची चावी द्या." मुलगा अठरा वर्षांचा झालेला असतो, नाहीतर व्हायला दोन-चार महिने उरलेले असतात. मोटारसायकल तर त्याने नववी-दहावीतच शिकून घेतलेली असते. मग कर्त्या माणसाला प्रश्न पडतो : पोराच्या हाती गाडी दिली तर विमा महाग होईल का? आणि होणार असेल तर तो आवाक्यात कसा ठेवावा?

मिरचीची बागायत पाहण्यासाठी सभासदांची एक तुकडी घेऊन आम्ही गेल्या हिवाळ्यात पालघर जिल्ह्यात वाणगावला गेलो होतो. पश्चिम रेल्वेवर बोईसर आणि डहाणू रोड यांच्यामधले हे स्टेशन मिरचीसाठी नावाजलेले आहे. तिकडे ऊस नाही, साखर कारखाना नाही. पण घरची परिस्थिती आपल्यासारखीच. दारात एक मोटारसायकल, बऱ्याच ठिकाणी एक मोटार, आणि माल नेण्यासाठी पिकअप. पोरगा कॉलेजला जाताना स्टेशनपर्यंत मोटारसायकल नेतो, घरातला कुणी बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत पाळीला जातो, आणि मिरचीचा माल रातोरात मुंबईकडे निघतो. पिकाची चर्चा संपल्यावर एका बागायतदाराने विचारले, "साहेब, पोराला अठरा लागली. आता गाडी त्याच्या हातात दिली तर कंपनी हप्ता वाढवते का हो?" आमच्या तुकडीतल्या चौघांचाही तोच प्रश्न होता. म्हणून मिळालेली माहिती सर्वांसाठी येथे देत आहोत.

उत्तर थोडक्यात सांगायचे तर असे : आपल्या देशात मुलाच्या वयापायी हप्ता सहसा वाढत नाही. पण मुलाकडे योग्य परवाना नसेल तर भरलेला हप्ता अंगावर उलटतो. हप्त्यात हजार-दोन हजार वाचविण्याच्या युक्त्या आहेत, त्या पुढे दिल्या आहेत. परवाना नसताना वाचलेले हजार मात्र एका अपघातात सात-बारापर्यंत जाऊन भिडतात.

हप्त्याचे दोन भाग

विम्याच्या कागदावर एकच रक्कम दिसली तरी तिच्यात दोन भाग असतात. पहिला भाग म्हणजे तृतीय पक्षाचा विमा. आपल्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली, कुणी दगावले, तर त्याची भरपाई यातून होते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ प्रमाणे हा विमा सक्तीचा आहे. याचा दर कंपनी ठरवीत नाही, सरकार ठरविते, आणि तो इंजिनाच्या आकारावर असतो. १ जून २०२२ पासून जे दर लागू झाले त्यांत खाजगी मोटारीस एका वर्षासाठी १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीस ३,४१६ रुपये आणि त्याहून मोठ्या इंजिनास ७,८९७ रुपये असे आकडे होते. मोटारसायकलीस ७५ ते १५० सीसीपर्यंत ७१४ रुपये, तर १५० ते ३५० सीसीस १,३६६ रुपये. कर निराळा. सरकार हे दर वेळोवेळी बदलते, म्हणून नूतनीकरणाच्या दिवशी चालू दर पाहून घ्यावा. यात चालविणाऱ्याच्या वयाचा रकानाच नाही. बाप चालवो की अठरा वर्षांचा लेक, दर तोच.

दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. हा ऐच्छिक आहे. गाडीची आजची किंमत, तिचे वय, इंजिन आणि नोंदणीचे ठिकाण यांवर तो ठरतो. विम्याच्या जुन्या दरपत्रकात मुंबई, पुणे यांसारखी आठ मोठी शहरे 'अ' विभागात आणि उरलेला देश 'ब' विभागात धरला जाई. मोटारीच्या बाबतीत ही विभागणी अजूनही दिसते. म्हणजे वाणगाव किंवा आपल्या तालुक्यातली गाडी मुंबईच्या गाडीपेक्षा थोडी स्वस्त पडते. २००७ पासून या भागाचा दर ठरविण्याची कंपन्यांना मोकळीक आहे. तेव्हा एकाच गाडीला दोन कंपन्यांचे आकडे निरनिराळे येतात. बेणे घेताना आपण दोन मळे पाहतो, तसे येथेही दोन-तीन ठिकाणी विचारावे.

ज्यांचे नातेवाईक अमेरिकेत आहेत ते सांगतील, की तिकडे सोळा-सतरा वर्षांचे पोर गाडी चालवू लागले की घरचा विमा एकदम चढतो, कारण तिथे चालविणाऱ्या माणसावरही हप्ता ठरतो. मग चांगले गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यास सूट, गाडीत वेग मोजणारे यंत्र बसविल्यास सूट, असे उपाय तिथे निघाले. आपल्याकडे हप्ता मुख्यतः गाडीवर बसतो. हे आपल्या फायद्याचे आहे, पण एका अटीवर.

ती अट म्हणजे परवाना

प्रत्येक विमापत्रात चालकाचे एक कलम असते. ते सांगते, की मालक किंवा इतर कोणीही ही गाडी चालवू शकेल, मात्र अपघाताच्या वेळी त्याच्याजवळ त्या प्रकारच्या गाडीचा चालू परवाना हवा. म्हणजे मुलाचे नाव विमापत्रावर घालण्याची गरज नाही. परवाना आहे ना, एवढाच प्रश्न.

वयाचा हिशोब कायद्यात असा आहे :

सोळा पूर्ण : फक्त ५० सीसीपर्यंतची दुचाकी. अशी पेट्रोलची गाडी आता दुकानात सहसा मिळत नाही. शंभर-सव्वाशे सीसीची गाडी सोळाव्या वर्षी चालत नाही, तिला गिअर नसले तरी नाही. ताशी २५ किलोमीटरच्या आतली आणि २५० वॉटपर्यंतची विजेची दुचाकी मोटार वाहनात धरली जात नाही. तिला परवाना वा नोंदणी लागत नाही. शाळकरी मुलास स्टेशनपर्यंत जायचे असेल तर सायकल किंवा हीच वाट.

अठरा पूर्ण : मोटारसायकल, खाजगी मोटार, शेतीचा ट्रॅक्टर.

वीस पूर्ण : वाहतूक वाहन, म्हणजे पिवळ्या पाटीची पिकअप, टेम्पो, ट्रक.

हा तिसरा आकडा आपल्यापैकी पुष्कळांना माहीत नसतो. वाणगावातही नव्हता. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने निकाल दिला, की हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेला माणूस एकूण साडेसात टनांच्या आतले वाहतूक वाहन चालवू शकतो, त्याला वेगळ्या शेऱ्याची गरज नाही. या निकालाने बऱ्याच चालकांची सोय झाली. पण वयाची अट कायद्यात आहे तशीच आहे. एकोणीस वर्षांच्या मुलाने मिरचीची क्रेट भरून पिवळ्या पाटीची पिकअप मुंबईला नेली, तर परवाना खिशात असूनही तो त्या गाडीचा पात्र चालक नव्हे.

शिकाऊ परवान्याचे काय, असे विचारले जाते. शिकाऊ परवान्यावर चालविताना शेजारी पक्का परवानाधारक शिकविणारा बसलेला असावा आणि गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' लावलेला असावा. हे पाळले तर विम्याचे संरक्षण राहते. शेजारची जागा रिकामी ठेवून पोर एकटेच गावात फिरून आले, तर ते राहत नाही. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तीस दिवसांनंतर पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. मुलाच्या अठराव्या वाढदिवसानंतर पहिले काम हे करावे. सरकारी फी विम्याच्या एका हप्त्यापुढे काहीच नाही.

परवाना नसताना अपघात झाला तर

कुणी म्हणेल, काय होतंय त्याला? विमा तर भरलाय. म्हणून एक हिशोब मांडून दाखवितो. हे उदाहरण कल्पित आहे, पण पद्धत न्यायालयाची आहे.

समजा, सतरा वर्षांच्या मुलाने वडिलांची मोटारसायकल नेली आणि धडकेत चोवीस वर्षांचा कामगार दगावला. त्याचा महिन्याचा पगार १५,००० रुपये. मागे पत्नी आणि दोन मुले. सर्वोच्च न्यायालयाने २००९ आणि २०१७ साली घालून दिलेल्या रीतीने भरपाई अशी निघते. कायम नोकरी नसलेल्या, चाळिशीच्या आतल्या माणसाच्या उत्पन्नात पुढील वाढीचे ४० टक्के मिळवायचे, म्हणजे २१,००० रुपये. त्यातून त्याचा स्वतःचा खर्च एक तृतीयांश वजा करायचा, राहिले १४,०००. वर्षाचे झाले १,६८,०००. या वयासाठी गुणक १८ आहे. गुणाकार येतो ३०,२४,०००. अंत्यविधी वगैरेंच्या रकमा आणि व्याज यावर निराळे.

विमा शाबूत असता तर ही सर्व रक्कम कंपनीने दिली असती, आणि त्यासाठी मालकाने वर्षाला भरले असते ७१४ रुपये. पण चालक विनापरवाना निघाला आणि मालकाने गाडी बेफिकिरीने त्याच्या हाती दिली हे सिद्ध झाले, की चित्र पालटते. २००४ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून अशा खटल्यांत रूढ झालेली रीत अशी, की कंपनीने पीडितास आधी द्यावे आणि मग मालकाकडून वसूल करावे. काही वेळा जबाबदारी थेट मालकावरच येते. दोन्ही वाटांनी शेवटी रक्कम मालकाच्या खिशातून जाते. ती न भरल्यास कलम १७४ प्रमाणे दाखला कलेक्टरकडे जातो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. थकबाकीची वसुली म्हणजे काय, हे शेतकऱ्याला सांगायला नको. तीस लाखांसाठी किती एकर ऊस किती वर्षे लावावा लागेल, याचा हिशोब प्रत्येकाने आपापल्या उताऱ्याप्रमाणे करून पाहावा.

एवढ्यावर भागत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात कलम १९९-अ आले. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालक दोषी धरला जातो. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. मुलाने आपल्या नकळत गाडी नेली किंवा आपण पुरेशी खबरदारी घेतली होती, हे दाखविणे पालकाच्या अंगावर असते. किल्ली खुंटीला टांगलेली असेल तर हे दाखवायचे कसे?

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला एका महागड्या मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांना उडविले आणि दोघेही गेले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असे पोलिसांनी सांगितले. त्याच्या वडिलांवरही गुन्हा दाखल झाला. हे प्रकरण सगळ्या महाराष्ट्राने वाचले. आपण म्हणतो, ती शहरातली श्रीमंत माणसे. पण कायदा गाडीची किंमत पाहत नाही. आपल्या बांधावरच्या जुन्या मोटारसायकलीलाही तेच कलम लागते.

हप्ता खरोखर कमी कसा करावा?

परवान्याचे पक्के झाले, की मग बचतीच्या गोष्टी.

१) गाडी निवडताना इंजिन लहान घ्यावे. वरच्या आकड्यांतच दिसते, की १५० सीसीच्या वर गेले की दुचाकीचा सक्तीचा हप्ता जवळपास दुप्पट होतो. नव्या गाडीबरोबर मोटारीला तीन आणि दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम घ्यावा लागतो, हेही किंमत ठरविताना धरावे. पोराच्या हातात पहिली गाडी लहानच बरी. हप्ताही कमी आणि वेगही.

२) बिनदाव्याची सूट जपावी. वर्षभर दावा केला नाही तर दुसऱ्या भागाच्या हप्त्यात सूट मिळते : पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५० टक्के. नवशिक्या मुलाच्या हातून बंपरला पोचा येणारच. तेवढ्यासाठी दावा करू नये. समजा, नुकसानीच्या भागाचा मूळ हप्ता ८,००० आहे आणि आपण ५० टक्क्यांवर आहोत, म्हणजे ४,००० भरतो. पोचा दुरुस्तीचे ३,००० रुपये कंपनीकडून मागितले. १५०० सीसीपर्यंतच्या मोटारीत पहिले १,००० रुपये मालकाचेच असतात, म्हणजे हाती फार तर २,००० येतात. पण सूट शून्यावर आली. मूळ हप्ता तोच धरला तर पुढील पाच वर्षांत आपण ४,०००, २,४००, २,०००, १,२०० आणि ४०० असे जास्तीचे, एकूण १०,००० रुपये भरतो. दोन हजारांसाठी दहा हजार. मोठे नुकसान असेल तरच दावा करावा.

३) मुदत चुकवू नये. विमा संपून ९० दिवस उलटले की साठविलेली सूट जाते. शिवाय मधल्या दिवसांत अपघात झाला तर सारेच अंगावर. विमा नसताना गाडी चालविल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. हंगामाच्या गडबडीत तारीख विसरते, म्हणून ती उसाच्या नोंदीच्या वहीतच लिहून ठेवावी.

४) गाडी घाईने मुलाच्या नावावर करू नये. बिनदाव्याची सूट गाडीची नसते, मालकाची असते. वडील हयात असताना गाडी मुलाच्या नावावर केली तर त्याला ती सूट मिळत नाही, शून्यापासून सुरुवात. मालकाच्या पश्चात वारसाच्या नावावर गाडी जाते तेव्हा मात्र सूट मिळू शकते. नाव बदलायचेच असेल तर चौदा दिवसांत विमा कंपनीस कळवावे.

५) पहिल्या काही रुपयांचा भार आपणहून उचलावा. सक्तीच्या १,००० रुपयांवर आणखी काही रक्कम आपण सोसू असे लिहून दिले, की हप्त्यात सूट मिळते. जो लहान दावा करणारच नाही, त्याला हे परवडते.

६) कमी फिरणाऱ्या गाडीसाठी किलोमीटरवर हप्ता. २०२२ च्या जुलैपासून विमा नियामक प्राधिकरणाने अशा योजनांना मुभा दिली आहे. एकाच मालकाच्या अनेक गाड्यांचा एकत्र विमा घेण्याचीही सोय तेव्हाच झाली. ज्यांची मोटार आठवड्यातून एकदा बाजारापुरती निघते त्यांनी चौकशी करावी.

७) गाडीची किंमत मुद्दाम कमी लावू नये. हप्ता चार-पाचशेने उतरतो, पण गाडी चोरीला गेली की त्या कमी किमतीएवढेच हाती येते.

मुलाच्या अंगाचा विमा

एक गोष्ट नेहमी राहून जाते. विमापत्रात मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो मालकाचा असतो, मुलाचा नव्हे. वडिलांच्या नावची गाडी चालविताना मुलाला स्वतःच्या चुकीने इजा झाली, तर या १५ लाखांतून त्याला काही मिळत नाही. तेव्हा वडिलांनी थोडी जास्तीची रक्कम भरून गाडीत बसणाऱ्यांचा आणि चालविणाऱ्याचा अपघात विमा जोडून घ्यावा, किंवा मुलाचा स्वतंत्र अपघात विमा उतरावा. उलट ज्या मालकाकडे तीन गाड्या आहेत त्याने हे १५ लाख तिन्ही ठिकाणी भरण्याची गरज नाही, एकदाच पुरते. तेथे वाचलेले पैसे मुलाच्या विम्याला लावावेत.

आणखी दोन सावधगिऱ्या

खाजगी मोटारीचा विमा भाड्याच्या उतारूंना नसतो. वाणगावसारख्या ठिकाणी स्टेशनवरून पाळीचे कामगार तारापूरला सोडून पोरे चहा-पाण्याचे पैसे काढतात, आपल्याकडे आठवडी बाजाराला तेच चालते. भाडे घेतले हे सिद्ध झाले, की कंपनी दावा नाकारू शकते.

ट्रॅक्टरबाबतही तसेच. ट्रॅक्टरवर चालकाखेरीज बसायची जागा नसते. मडगार्डवर बसविलेल्या माणसास विमा आहे, असे धरून चालू नये. आणि ट्रॉलीचा उल्लेख विमापत्रात निराळा आहे की नाही, हे गळीत हंगामापूर्वी पाहून घ्यावे.

शेवटी, आम्ही 'मुलगा' म्हणत आलो तरी हे सर्व मुलींनाही तितकेच लागू आहे. मुलीने स्कूटरवरून कॉलेजला जावे, मोटार शिकावी, घरचा माल बाजारात न्यावा, यात आनंदच आहे. तिचाही परवाना आधी काढावा.

सभासदांनी आज घरी गेल्यावर तीन कागद एकत्र ठेवावेत : विमापत्र, गाडीचे नोंदणीपत्र आणि घरात जे जे चालवितात त्या सर्वांचे परवाने. तिघांच्या तारखा आणि गाडीचा प्रकार जुळतो का ते पाहावे. जुळत नसेल तर जुळेपर्यंत किल्ली कपाटात कुलपात राहू द्यावी. मुलगा चार दिवस रुसेल. तो रुसवा कोणत्याही हप्त्यापेक्षा स्वस्त आहे.

— ऊस विकास अधिकारी